वेस्टा आणि मानेगावचा दगड

वेस्टा हा मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान पसरलेल्या पट्ट्यातला मोठा लघुग्रह. सेरेस वगळला, तर या पट्ट्यात त्याच्याइतके वस्तुमान दुसऱ्या कोणाचे नाही. सबंध पट्ट्याच्या वस्तुमानापैकी सुमारे ९ टक्के एकट्या वेस्टात आहे. त्याचा सरासरी व्यास ५२५ किलोमीटर असून पृष्ठभागाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या पावणेतीन पट भरते. सूर्याभोवतीची फेरी तो ३.६३ वर्षांत पुरी करतो, तर स्वतःभोवती ५ तास २० मिनिटांतच गिरकी घेतो. त्याचा आकार नीट गोल नाही. दक्षिण ध्रुवाकडे तो चेपलेला आहे, आणि या चेपलेपणातच त्याच्या कुळकथेचा मोठा भाग दडलेला आहे.

दुसऱ्या क्रमांकाचे वस्तुमान एवढ्यावर वेस्टाची थोरवी संपत नाही. पट्ट्यातले असंख्य लघुग्रह आरंभी जमलेल्या धुळीचे आणि खड्यांचे कमी-अधिक तसेच राहिलेले गोळे आहेत. वेस्टा मात्र बालपणीच वितळला, त्यावर लाव्हा वाहिला आणि थिजला. पुढे त्याचे तुकडे उडाले, त्यांपैकी काही पृथ्वीवर पडले आणि माणसाच्या हाती आले. असा एक तुकडा १८४३ मध्ये खानदेशात पडला. तो वेस्टाचा असल्याचे ठरायला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे लागली, कारण आकाशातला ठिपका पाहणारे ज्योतिर्विद आणि जमिनीवरचा दगड फोडणारे खनिजशास्त्रज्ञ यांच्या वाटा इतका काळ वेगळ्याच होत्या.

पहिली वाट आकाशाची. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये अंतर प्रमाणाबाहेर मोठे आहे, तिथे एखादा ग्रह असावा, ही शंका अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बळावली होती. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या वेधशाळेत पियाझ्झीला सेरेस सापडला. २८ मार्च १८०२ रोजी ब्रेमेन शहरात वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या हाइनरिख ऑल्बर्स यांना पॅलास सापडला. एका ग्रहाच्या जागी दोन निघाले, तेव्हा ऑल्बर्सने तर्क मांडला की तिथे पूर्वी एक पुरा ग्रह होता, तो फुटला आणि हे त्याचे तुकडे आहेत. तसे असेल तर सगळे तुकडे फुटीच्या जागेजवळून पुन्हापुन्हा जाणार, म्हणजे आकाशाच्या ठराविक भागांवर पाळत ठेवली की आणखी तुकडे सापडतील. १८०४ मध्ये हार्डिंगला जुनो मिळाला. ऑल्बर्सने आपली पाळत सोडली नाही, आणि २९ मार्च १८०७ रोजी कन्या राशीत त्याला चौथा गोल दिसला. कक्षा काढण्याचे काम गणितज्ञ गाउसकडे गेले. त्याने ते सुमारे १० तासांत उरकले, आणि नाव देण्याचा मानही ऑल्बर्सने त्यालाच दिला. गाउसने चुलीची आणि घरातल्या अग्नीची रोमन देवता वेस्टा हिचे नाव निवडले. एकेकाळी रसरसून तापलेल्या या गोलाला अग्निदेवतेचे नाव अगदी शोभले, जरी ते ताप-प्रकरण तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

ऑल्बर्सचा फुटक्या ग्रहाचा तर्क मूळ स्वरूपात टिकला नाही. पट्ट्यातल्या सगळ्या लघुग्रहांचे वस्तुमान एकत्र केले तरी ते चंद्राच्या तुलनेतही फार थोडे भरते, आणि त्यांची घडणही एका ग्रहाच्या तुकड्यांसारखी नाही. गुरूच्या ओढाताणीमुळे तिथे ग्रह जमलाच नाही, असे आज मानले जाते. तरी चुकीच्या तर्काने योग्य जागी दुर्बीण रोखली गेली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

वेस्टा हा पट्ट्यातला एकमेव लघुग्रह, जो पृथ्वीजवळ आल्यावर नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. सेरेसचा व्यास ९४० किलोमीटर, पण त्याचा पृष्ठभाग काळसर आहे आणि अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी तो जेमतेम दहावा भाग परत पाठवतो. वेस्टा ४० टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवतो. म्हणूनच उज्जैनचा विचार केला की एक प्रश्न सहज उभा राहतो. सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने क्षिप्राकाठी यंत्रमहाल बांधला. सम्राट यंत्र, नाडीवलय, दिगंश यंत्र आणि दक्षिणोत्तर भित्ती ही तिथली यंत्रे नुसत्या डोळ्यांनी वेध घेण्यासाठीच होती. मग डोळ्यांना दिसणारा वेस्टा तिथल्या निरीक्षकांच्या नजरेतून का निसटला? उत्तर डोळ्यांत नाही, नकाशात आहे. वेस्टा दिसतो तो दृष्टीच्या शेवटच्या टोकावर, सहाव्या प्रतीच्या जवळपासच्या शेकडो मंद ताऱ्यांच्या गर्दीत. जयसिंहाच्या 'झीज-इ-मुहम्मदशाही'तली ताऱ्यांची यादी उलूघबेगच्या यादीवर बेतलेली होती, आणि तीत सुमारे हजारच तारे होते. या गर्दीतला कोणता ठिपका काल तिथे नव्हता हे सांगायला तेवढ्या मंद ताऱ्यांची जागावार नोंद हवी. ती नसेल तर चालणारा ठिपका आणि स्थिर तारा यांत फरक कळत नाही. युरोपातही वेस्टा सापडला तो दुर्बीण आणि दाट नकाशे दोन्ही हाताशी आल्यावर.

या यंत्रमहालाची पुढची हकिकत मराठी माणसांशी निगडित आहे. शिंद्यांच्या राज्यात तो बराच काळ पडझडीत होता. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी त्याची डागडुजी करवली, आणि त्याचे काम गोविंद सदाशिव आपटे यांच्याकडे आले. 'सर्वानंद करण' लिहिणाऱ्या आपट्यांनी तिथे वेध घेण्याची परंपरा पुन्हा सुरू केली. शंकुयंत्र त्यांच्याच देखरेखीखाली उभे राहिले. पुढे जिवाजी वेधशाळा या नावाने तिथून दरवर्षी ग्रहस्थितीचे पंचांग निघू लागले. उज्जैनच्या रेल्वेमार्गाच्या पूर्वेला वसलेल्या फ्रीगंज वस्तीचे सरकारी नाव माधवनगर, तेही याच माधवरावांचे. उज्जैनच्या मराठी घरांना यंत्रमहाल आपला वाटतो, त्याला हे कारण पुरेसे आहे.

दुसरी वाट जमिनीची, आणि तीही भारतातून जाते. आकाशातून दगड पडतात ही गोष्ट अठराव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांना पटत नव्हती. १७९४ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाड्नीने ती ठामपणे मांडली तेव्हा त्याची टर उडवली गेली. १९ डिसेंबर १७९८ च्या संध्याकाळी बनारसजवळ दगडांचा वर्षाव झाला, त्याची साक्षीदारांच्या जबानीसह माहिती लंडनला गेली आणि दगडही गेले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनज्ञाने वेगवेगळ्या देशांतल्या अशा दगडांबरोबर त्यांचे पृथक्करण केले. सगळ्यांत निकेलयुक्त लोखंड सापडले आणि घडणही सारखी निघाली. १८०२ मध्ये त्याने हे मांडल्यावर अशनी आकाशातूनच येतात हे मत पक्के होऊ लागले. बनारसचे दगड वेस्टाचे नव्हते. पण हॉवर्डच्या स्मरणार्थ पुढे अशनींच्या एका जातीला हॉवर्डाइट हे नाव मिळाले, आणि ही जात वेस्टाची निघाली.

२९ जून १८४३ रोजी खानदेशात, पूर्णा नदीच्या परिसरात एदलाबादजवळच्या मानेगावी दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचे जळगाव जिल्ह्यातले मुक्ताईनगर. त्या दिवशी जगाला चारच लघुग्रह ठाऊक होते. पाचवा, ॲस्ट्रिया, सापडायला अजून दोन वर्षे होती, आणि पुस्तकांतून वेस्टाची गणना सरळ ग्रहांत होत होती. मानेगावच्या दगडाचे आज संग्रहालयांच्या नोंदीत उरलेले वजन जेमतेम ४२ ग्रॅम आहे. तळहातावर सहज मावणारा हा ऐवज ब्रिटिश म्युझियमच्या खनिज विभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी-मॅस्कलिन यांनी १८७० च्या सुमारास तपासला. साध्या अशनींत असतात तसे गोल कण यात नव्हते. जवळजवळ सगळा दगड एकाच खनिजाचा होता: मॅग्नेशियम आणि लोह यांचे सिलिकेट, म्हणजे पायरॉक्सिन. भिंगाखाली असा दगड धरला तर फिकट राखाडी भुग्यात हिरवट-पिवळसर, कोनदार स्फटिक रुतलेले दिसतात. मोठे स्फटिक मोडून, चेचून पुन्हा घट्ट झाल्याची ती खूण आहे. बंगालमध्ये बांकुडा भागात शाल्का येथे १८५० मध्ये पडलेला दगडही याच जातीचा निघाला. १८८५ मध्ये खनिजशास्त्रज्ञ चेर्माकने या जातीला डायोजेनाइट म्हटले. अशनी पृथ्वीबाहेरून येतात असे सांगणाऱ्या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचे, अपोलोनियाच्या डायोजेनिसचे ते नाव. पडताना पाहिलेले डायोजेनाइट साऱ्या जगात डझनभरही नाहीत. त्यांतले दोन भारतातले आहेत.

हॉवर्डाइट, युक्राइट आणि डायोजेनाइट ही तीन नावे पुढे नेहमी एकत्र घेतली जाऊ लागली. युक्राइट म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. त्यातली मुख्य खनिजे पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज, तीच सह्याद्रीच्या आणि माळव्याच्या काळ्या पाषाणातली. मानेगावच्या आसपासचे डोंगर आणि उज्जैन ज्यावर उभे आहे ते पठार याच दख्खनी बेसाल्टचे. फरक मोठे आहेत ते वयात आणि बारकाव्यात. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, युक्राइट ४५० कोटी वर्षांहून जुना. युक्राइटमध्ये पाण्याचा अंश जवळजवळ नाही आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरच्या कोणत्याही खडकाशी जुळत नाही. डायोजेनाइट हा त्याच लाव्हाखाली खोलवर सावकाश निवलेला भाग, म्हणून त्यातले स्फटिक मोठे. हॉवर्डाइट म्हणजे दोघांचा चुरा आघातांनी एकजीव होऊन बनलेला दगड. तिन्हींतला ऑक्सिजन एकाच मापाचा निघाला. तेव्हा तिघांचा जन्मदाता एकच असावा, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. तो कोण, हे कळायचे राहिले होते.

दोन वाटा एकत्र आल्या त्या १९७० मध्ये. टॉमस मॅककॉर्ड, जॉन ॲडम्स आणि टॉरेन्स जॉन्सन यांनी दुर्बिणीतून वेस्टाच्या प्रकाशाचा वर्णपट रंगारंगांत मोजला. अवरक्ताच्या सीमेजवळ, ०.९ मायक्रॉनपाशी त्यात ठळक खाच आढळली. पायरॉक्सिन नेमका तोच प्रकाश शोषून घेते. प्रयोगशाळेत युक्राइटची पूड करून घेतलेला वर्णपट वेस्टाच्या वर्णपटाशी जवळजवळ तंतोतंत बसला. तोवर तपासलेल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या लघुग्रहाचा असा वर्णपट नव्हता. आधी तर्क आणि मग मोजमाप, असा क्रम इथे नव्हता. मोजमापच आधी आले आणि त्याने नाते समोर ठेवले. लघुग्रहांच्या साऱ्या संशोधनात इतके सुरेख एकच मोजमाप क्वचितच आढळेल.

तरीही एक अडचण होती. पृथ्वीकडे येण्यासाठी तुकड्याला गुरूच्या ओढीचा हात लागतो. सूर्यापासून सुमारे २.५ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीच पट) अंतरावर तुकड्याच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा गुरूची एक होते, आणि त्या अनुनादात सापडलेल्याची कक्षा लांबट होत होत पृथ्वीच्या वाटेवर येते. वेस्टा २.३६ एककावर आहे. तिथून या जागेपर्यंत तुकडे एका झेपेत पोचणे अवघड. १९९३ मध्ये रिचर्ड बिन्झेल आणि श्वी श्यू यांनी हे कोडे सोडवले. वेस्टापासून थेट अनुनादाच्या काठापर्यंत, त्याच वर्णपटाचे, १० किलोमीटरहून लहान असे लघुग्रह विखुरलेले त्यांना सापडले. ही वेस्टाची भावकी. लघुग्रहांची अशी कुळे असतात हे जपानच्या कियोत्सुगु हिरायामांनी १९१८ मध्येच दाखवले होते, आणि वेस्टाच्या कुळात आज हजारो सभासद मोजले जातात. म्हणजे मानेगावचा दगड बहुधा वेस्टावरून थेट निघालेला नाही. आधी मोठा तुकडा उडाला, तो कोट्यवधी वर्षे फिरत राहिला, मग त्यावर दुसरा आघात होऊन लहान तुकडे अनुनादात घरंगळले. वैश्विक किरणांनी अशनीत केलेल्या बदलांवरून तो उघड्या अवकाशात किती काळ होता ते काढता येते. या तीन जातींतल्या अनेकांचा हा काळ २ कोटी २० लाख वर्षांच्या आसपास जमतो. त्या सुमारास एखादी मोठी फूट झाली असावी.

वेस्टा वितळला कशाने, हा प्रश्न साधा नाही. एवढ्याशा गोलाची उष्णता लवकर निघून जाते. त्याला वितळवायचे तर आच आतून आणि झपाट्याने मिळायला हवी. ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकावर संशय होता, कारण त्याचा अर्धायुष्यकाळ अवघा ७ लाख वर्षांच्या आसपास आहे आणि तेवढ्यात ते पुष्कळ उष्णता सोडते. पण ते वितळून निवलेल्या ग्रहखडकात तेव्हा जिवंत होते याचा पुरावा मिळत नव्हता. तो पुरावा राजस्थानातून आला. ३० ऑक्टोबर १९९४ रोजी जोधपूर जिल्ह्यात लोहावट येथे हॉवर्डाइट पडला होता. २० जून १९९६ रोजी पाली जिल्ह्यात पिपलिया कलाँ येथे युक्राइट पडला. उज्जैनपासून हे गाव वायव्येला सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले जी. श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांनी पिपलिया कलाँच्या दगडातले प्लॅजिओक्लेजचे कण एकेक करून तपासले. ॲल्युमिनियम-२६ चा क्षय झाला की मॅग्नेशियम-२६ उरते. ज्या कणांत ॲल्युमिनियम जास्त, त्यांत मॅग्नेशियम-२६ ही प्रमाणशीर जास्त भरले. याचा अर्थ खडक थिजला तेव्हा ॲल्युमिनियम-२६ अजून शिल्लक होते, आणि सूर्यमालेतले पहिले घन कण जमल्यापासून वेस्टा वितळून निवेपर्यंत काही लाख ते फार तर पन्नासेक लाख वर्षेच गेली. १९९९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. वेस्टाच्या कुळकथेत भारतीयांनी घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे, आणि मराठी विज्ञानवाचकाला ती हबल दुर्बिणीइतकीच ठाऊक असायला हवी.

हबल दुर्बिणीने १९९६ मध्ये वेस्टाचे चेपलेले दक्षिण टोक दाखवले: तिथे एक प्रचंड विवर होते. १६ जुलै २०११ रोजी नासाचे डॉन यान वेस्टाभोवतीच्या कक्षेत गेले आणि सप्टेंबर २०१२ पर्यंत तिथे राहिले. विवराला ऱ्हिआसिल्व्हिया हे नाव मिळाले. त्याचा व्यास सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ वेस्टाच्याच व्यासाइतका. मधोमध २० किलोमीटरहून उंच शिखर आहे. हा आघात सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या खाली त्याहून जुने व्हेनेनिया हे विवर अर्धवट गाडलेले आहे. दोन्ही आघातांनी गोल इतका हादरला की विषुववृत्ताभोवती शेकडो किलोमीटर लांबीच्या चरांची माळ उमटली. यानाने मोजलेले लोहाचे प्रमाण अशनींशी जुळले, आणि ऱ्हिआसिल्व्हियाच्या खोल भागात डायोजेनाइटसारखा खडक उघडा पडलेला दिसला. मानेगावच्या स्फटिकांचे माहेर तिथेच कुठेतरी असावे, असे म्हणायला आता भक्कम आधार आहे.

सगळे प्रश्न मिटलेले नाहीत. ऱ्हिआसिल्व्हिया एवढे खोल, तर त्याच्या तळाशी आवरणातले ऑलिव्हिन उघडे पडायला हवे होते. ते तिथे सापडले नाही, उत्तर गोलार्धातल्या लहान विवरांत सापडले. काही मोजक्या युक्राइटांचा ऑक्सिजन वेगळ्या मापाचा आहे, तेव्हा ते दुसऱ्या कुळाचे दिसतात. मॅग्निया नावाचा बेसाल्टी लघुग्रह वेस्टापासून इतका दूर आहे की त्याचेही मूळ निराळे असावे. डॉनच्या पहिल्या निष्कर्षानुसार वेस्टाच्या पोटात सुमारे ११० किलोमीटर त्रिज्येचा लोखंडी गाभा होता. २०२५ मध्ये याच मोजमापांचा पुन्हा हिशेब झाला, तेव्हा कवचाखालचा भाग अपेक्षेपेक्षा एकजिनसी असल्याचे दिसले. वेस्टा हा वाढता वाढता फुटलेल्या मोठ्या ग्रहपिंडाचा तुकडा असू शकेल, असे एक स्पष्टीकरण त्यावर पुढे आले आहे. ऑल्बर्सच्या तर्काशी याचे दूरचे साम्य आहे, पण निकाल लागायचा आहे.

वेस्टा दर साडेसोळा महिन्यांच्या आसपास सूर्यासमोर येतो आणि रात्रभर आकाशात राहतो. फ्रीगंजच्या टॉवर चौकातल्या दिव्यांत तो नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. साधी द्विनेत्री असेल तर गच्चीवरूनही सापडतो. कर्कवृत्ताजवळच्या डोंगल्याच्या वराहमिहिर वेधशाळेसारख्या अंधाऱ्या जागी काम आणखी सोपे होते. त्या वर्षीच्या पंचांगातून त्याची जागा घ्यावी, आसपासचे तारे कागदावर टिपावेत आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावे. जो ठिपका चंद्रबिंबाच्या अर्ध्या रुंदीएवढा सरकलेला दिसेल, तो वेस्टा.